कानामागचा तीळ

अहो,

धाकटीला मोठ्या दवाखान्यात नेतेय. तिच्या कानामागचा तीळ, ज्याला तुम्ही नशीबवान म्हणत होतात, तो सकाळी वेणी घालताना हलला. गोचीड होती ती. आपण मात्र उन्हाचा ताप म्हणत बसलो. आता पोर मला ओळखतही नाही, नुसतं बाबा बाबा करतेय.

भाकरी झाकून ठेवलीय. गोठ्यातून आलात की कपडे दारातच उतरवून उकळत्या पाण्यात टाका. काखा, कानामागं, सगळं अंग आरशात बघा. गाईच्या गोचिडी नखानं चिरडायच्या नाहीत, कितीदा सांगू?

मग तडक या. धाकटी तुमच्या पाठीला चिकटली की तिला लाडानं ‘माझी गोचीड’ म्हणता ना, तेवढं आज म्हणू नका.