ताटलीभोवतीची मोकळी जागा

आई,

बाईंना धरून नेलं, हे तुला सांगायला मला महिना लागला. तुझ्या बाई, माझ्या मावशी. ऐंशी उलटली आता त्यांची. सकाळी चहाचं आधण ठेवलेलं असताना पोलीस दारात आले, चौकशीला चला म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघाल्या. चौकशी कसली न् काय, सरळ कोठडीच. कुठल्याशा सभेतलं भाषण भडकवणारं होतं म्हणतात. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं रेशनकार्डावर स्वतःचं नाव मागावं, एवढंच त्या जन्मभर सांगत आल्या. त्यानं भडकलं कोण, मला तरी अजून कळलेलं नाही. जामीन दोनदा नाकारला. पहिल्या दिवशी कोर्टाच्या गेटापासून पार सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत बायका उभ्या होत्या, सटाण्याहून, पेठहून पहिल्या एसटीनं आलेल्या. आता दहा-बाराजणी उरतो. लोकांना आपापल्या घरची कामं असतात, आणि भीतीही असते. कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. का, ते पुढे सांगते.

परवा दुधावर झाकण घालताना, तू गेल्यावर माझ्याकडे आलेली तुझी जर्मनची ताटली हातात आली आणि सिन्नरची ती खोली आठवली. तू भिंतीला टेकून बसलेली आहेस, मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि तुझी बोटं एका लयीत विड्या वळताहेत. संध्याकाळी कारखान्यात विड्या दिल्या की मुकादम त्यातल्या ओंजळभर वाईट म्हणून छाटायचा आणि त्याही ठेवून घ्यायचा. परत दिल्या असत्या तर म्हटलं असतं एक. बाई तेव्हा कॉलेजात शिकवायच्या, सुटीच्या दिवशी सायकलवरून आपल्या गल्लीत यायच्या. त्यांनी छाटीविरुद्ध अर्ज लिहिला, आणि जिचा अंगठा पहिला होता तिचं पान दुसऱ्याच दिवशी बंद झालं, म्हणजे कामच गेलं. पुढच्या अर्जाला कुणी हात लावेना. सगळ्या म्हणायच्या, मी करते की, पण आधी तिचा घ्या. तेव्हा तू उठलीस, भाकरीची ताटली पदरानं पुसलीस, कागदावर उपडी घातलीस आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढून म्हणालीस, "आता सांगा पहिली कोन ते." बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा निसटला. त्या दिवसापासून आपल्या गल्लीचे सगळे अर्ज गोल.

अंगठ्यांशेजारी नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं, चौथीत होते मी. तुझं नाव मी सगळ्यांत वर, ठळक लिहिलं. वाटलं, खूश होशील. तू कागद बघितलास आणि सगळ्यांदेखत झापलंस मला, "गोलाला वर न् खाली ऱ्हातंय व्हय? फिरव तो कागद." मी फिरवला आणि तुझं नाव खाली गेलं. मला रडू आलं होतं. घरी गेल्यावर तू मला गूळ-शेंगदाणे दिलेस, पण चुकलं माझं असं काही म्हणाली नाहीस. तुझं चुकलंही नव्हतं.

आता गेल्या आठवड्यातलं ऐक. मावशींची वकील एक तरुण मुलगी आहे, हुशार आणि तुटून काम करणारी. म्हातारपण बघून त्यांना सोडा, असा अर्ज तिनं कलेक्टरसाठी तयार केला. खाली छापील रकाने, अनुक्रमांक, नाव, पत्ता, मोबाईल. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो कागद या हातातून त्या हातात फिरला आणि कोराच परत आला. एकीचा चष्मा घरी राहिला होता, दुसरीला नवऱ्याला विचारायचं होतं. बिचारी वकील रडकुंडीला आली. मग माझ्यातल्या शहाणीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत तुझी ताटली घेऊन गेले. बाकड्यावर कागद पसरला, ताटली उपडी घातली, रेघ ओढली आणि तुझी गोष्ट सांगितली. आई, पाहता पाहता सह्या झाल्या. टपरीवालीनंही केली. सिन्नरची एक म्हातारी होती, तुझ्याबरोबर विड्या वळलेली, तिनं अंगठा उठवला आणि बोट डोक्याला पुसलं. गोल भरत आला, एका सहीपुरती जागा राहिली आणि पेन माझ्या हातात आलं.

तुझ्या नातीला सरकारी नोकरी लागली आहे. तुझ्या सुपाशेजारी बसून पानांची टोपी घालणारी ती. नेमणुकीचं पत्र यायचं आहे, त्याआधी पोलीस घरी येऊन चारित्र्य पडताळणी करणार आहेत. घरात कुणावर काही आहे का, कुठल्या मोर्चात बिर्चात जातं का कुणी, हे विचारतात म्हणे. सही करू नको असं तिनं मला सांगितलं नव्हतं, खोटं का बोलू. एवढंच म्हणाली होती, "मम्मी, तुला जे पटेल ते कर." त्या क्षणी मला मावशी दिसल्या नाहीत, तू दिसली नाहीस. आमच्या दारात उभा असलेला हवालदार दिसला. मी पेनाला टोपण लावलं.

वकिलीण म्हणाली, "काकू, ही जागा?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिन्नरची म्हातारीच बोलली, "तिच्या आईची आसंल. ताटली तिचीच ना." एकीनं पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी, तुझी मुलगी, तशीच उभी राहिले, जणू खरंच तसं होतं.

अर्ज गेला. उत्तर नाही, येईल असंही वाटत नाही. काल मावशींना तारखेला आणलं होतं. दोन शिपाई बायकांच्या मधे किती लहान दिसत होत्या गं. वकिलिणीनं कागदाचा फोटो त्यांना दाखवला होता, मोकळ्या जागेचंही सांगितलं होतं. गाडीत चढताना त्या माझ्यापाशी थांबल्या, माझा हात धरला. हात गार होता. म्हणाल्या, "तिची जागा ठेवलीस, बरं केलंस. तुझी सही कुठं आहे? चष्मा आत जमा आहे, मला दिसली नाही."

मी म्हटलं, "आहे ना मावशी. वरच्या बाजूला."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "गोलाला कुठलं आलंय वर आणि खाली," असं म्हणाल्या, हसल्या आणि गाडीत चढल्या. त्यांना खरं कळलं, की नुसती तुझी आठवण आली, ते मी कालपासून उगाळते आहे. त्या परत बाहेर येतील, मी त्यांच्या पाया पडून सांगेन, असं मनाला समजावते, पण तो दिवस येणार नाही हे मला आतून माहीत आहे. त्यांचे पाय सुजलेत. पुढची तारीख दीड महिन्यानं आहे.

पडताळणी आज झाली. हवालदार सभ्य होता, चहा घेतला, पाच मिनिटांत गेला. मोर्चाबिर्चाचं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

हे पत्र खरं तर मावशींना लिहायचं होतं. कागदावर आधी त्यांचंच नाव घातलं होतं. पण आत जाणारं पत्र आधी दुसरं कुणीतरी फोडून वाचतं, म्हणून ते नाव खोडलं आणि तुझं घातलं.