झाकणावरची लाख

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन आज तीन महिने झाले. या तीन महिन्यांत घरात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि घडलं असतं तरी कुणाला सांगणार? दादा शाळेतून येतात, टोपी खुंटीला अडकवतात, खुर्चीत बसतात. मी दवाखान्यातून येऊन समोर बसतो. घरात एवढी शांतता असू शकते हे तुम्ही होतात तोवर ठाऊकच नव्हतं.

पण आज सकाळी मी करीम मिस्त्रींच्या दुकानात जाऊन आलो. तिथं जे झालं ते ऐकायचा खरा हक्क तुमचा. म्हणून हा कागद पुढे ओढला.

जसोंडीहून तुम्ही या घरात आलात तेव्हा तुम्ही चौदा वर्षांच्या होतात आणि मी बाराचा. आई आधीच गेलेली. सगळ्यांसमोर मला 'भाऊजी' म्हणायचात आणि दुपारी माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवायचात. माझ्यापेक्षा लवकर वाचायला शिकलात. हे मी कधी कबूल केलं का? तुमच्याजवळ कबूल करायच्या राहिलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

फटफटी घरी आली तो दिवस आठवतो तुम्हाला? जंगलखात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून मी ती घेतली. डॉक्टर होऊन मला वर्षही झालं नव्हतं. दवाखाना शहरात, शनवारा पेठेत, आणि रोगी मात्र खेड्यापाड्यांत. दादा म्हणाले, हे जनावर एक दिवस तुला खड्ड्यात घालेल. तुम्ही हळदकुंकू आणलंत आणि तिला ओवाळलंत. पुढे रोज तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की तुम्ही चहाचं आधण ठेवायचात. मी हात धुऊन येईपर्यंत कप समोर. आता गल्लीत शिरताना मी उगीचच जोरात चालवतो, वहिनी. का, ते विचारू नका.

मग लढाई लागली. पेट्रोल कुपनावर मिळू लागलं. गाडीवाटेच्या चाकोऱ्यांतून फटफटी उसळली की टाकीच्या झाकणाला जे बारीक भोक असतं त्यातून पेट्रोलचे थेंब उडायचे. एका दुपारी मी पार्सलाची लाख वितळवून ते भोक बुजवून टाकलं. मोठी अक्कल लढवली असं वाटलं. आणि नंतर विसरूनही गेलो.

त्यानंतर फटफटी वाटेत बंद पडू लागली. निघताना एका लाथेत चालू व्हायची, तीनचार मैल झकास धावायची, मग खोकल्यासारखं करून थांबायची. मी उतरायचो, झाकण काढून आत पेट्रोल आहे ना ते पाहायचो, झाकण लावायचो. मग कार्बुरेटर खोलायचा, त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक छिद्र, फुंकायचं, परत जोडायचं. यात पाऊण तास जायचा. मग ती चालू व्हायची, आणि पुन्हा तीनचार मैल.

करीम मिस्त्रींनी काय करायचं बाकी ठेवलं? पेट्रोल मलमलीतून गाळलं. बाटलीत ठेवून पाणी तळाशी बसतं का पाहिलं. कार्बुरेटर तीनदा धुतला, पेट्रोलची नळी बदलली, तोटी साफ केली. दुकानात जागेवर उभी करून चालवली की ती तक्रार करायची नाही. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टरसाब, जिस दिन रास्ते में बंद हो, उसको हाथ मत लगाना. वैसे ही छोड़ के मुझे बुला लेना." केवढं शहाणपणाचं बोलले होते ते! पण रोगी वाट पाहत असताना मिस्त्रीसाठी कोण थांबणार? मी नाही थांबलो.

आणि मग दापोऱ्याचा तो दिवस. तिथल्या एका केळीवाल्या बागाईतदाराची सून, सुभद्रा, बाळंत झाली आणि रक्त थांबेना. त्यांचा माणूस घोड्यावरून बोलवायला आला. मी लगेच निघालो. फटफटी वाटेत दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा मी रस्त्याच्या कडेला बसून जेट फुंकत होतो. पोचलो तेव्हा अंगणात बायका रडत होत्या. ती नुकतीच गेली होती. बाळ, मुलगी, एका म्हातारीच्या मांडीवर होतं.

सुभद्राच्या सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "एवढा उशीर का झाला, डॉक्टर?" मी म्हणालो, "मिस्त्रीनं गाडी नीट केली नव्हती."

एक वाक्य. ते तोंडातून निघालं, आणि बाजाराच्या दिवशी सगळीकडे झालं. दापोऱ्याच्या बागाईतदारांनी आपली पाण्याची इंजिनं मिस्त्रींकडे आणणं बंद केलं. त्यांचं पाहून आजूबाजूच्या गावांनीही.

त्यानंतर तीन दिवसांनी मी अंगणात कार्बुरेटर खोलून बसलो होतो. तुम्ही ओसरीवर कंदिलांत घासलेट भरत होतात. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलंत, "भाऊजी, गाडी बंद पडली की सगळ्यात आधी काय करता?"

मी चिडूनच म्हणालो, झाकण काढून पेट्रोल पाहतो, दुसरं काय करणार.

"आणि झाकण लावून बाकी काहीच न करता लाथ मारून पाहिलीत का कधी?"

नव्हती पाहिली. तुम्ही घासलेटचा डबा उचलून माझ्याजवळ आणलात. त्याला समोरासमोर दोन भोकं होती. डबा वाकडा केलात, बाटलीत धार लागली. मग वरच्या भोकावर अंगठा ठेवलात. धार बारीक झाली, डबा गुडगुडला, धार थांबली.

"वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर येत नाही," तुम्ही म्हणालात. "तुमच्या टाकीत वारा कुठून जातो?"

मी झाकण हातात घेतलं आणि मला ती लाख दिसली. मिस्त्रींच्या दुकानात झाकण उघडायचं, म्हणून तिथं ती चालायची. वाटेतही झाकण उघडलं की चालू व्हायची, मी उगीच जेट फुंकत बसायचो. तुमच्याच सुईनं मी ती लाख खरवडून काढली. जसोंडीच्या वाटेनं दहा मैल गेलो, दहा मैल आलो. फटफटी एकदाही थांबली नाही. मी मात्र परत येताना दोनदा थांबलो, कारण डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. ते दोन पाऊण तास हातात असते, तर सुभद्रा वाचली असती का? डॉक्टर म्हणून मी 'नक्की' म्हणू शकत नाही. 'नाही' तर मुळीच म्हणू शकत नाही.

घरी आल्यावर मी तुम्हाला हात जोडले. म्हणालो, कुणाला सांगू नका. तुम्ही म्हणालात, "मी नाही सांगत. पण मिस्त्रींना तुम्ही सांगा." मी म्हणालो, सांगतो.

त्या दिवाळीला तुम्ही विचारलंत, गेलात का? ईदेला विचारलंत. पुढच्या वर्षीही विचारलंत. मी दर वेळी 'जाईन' म्हणालो. मग तुम्ही विचारणं सोडलंत. मला वाटलं, विसरलात. वहिनी, तुमचं ते न विचारणं मला बरं वाटायचं. किती लाज वाटते आता हे लिहिताना!

आणि मग तुमचा तो विषमज्वर. माझी सगळी औषधं, माझी सगळी पुस्तकं, कशाचा काही उपयोग झाला नाही. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तुम्ही शुद्धीवर होतात. मी उशाशी होतो. तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मला वाटलं, आता विचाराल. तुम्ही पाणी मागितलंत.

आज सकाळी गेलो. दुकान आता निम्मं झालंय. मिस्त्री एकटेच होते, एका पात्याला कानस लावत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लाख, दापोरा, माझं वाक्य. त्यांची कानस थांबली नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "मालूम है, डॉक्टरसाब."

मग त्यांनी सांगितलं. मला 'मी नाही सांगत' म्हणूनही तुम्ही त्याच आठवड्यात टांगा करून त्यांच्याकडे गेला होतात. सगळं सांगून म्हणालात, आमचे भाऊजी स्वतः येतील, तोवर तुम्ही बोलू नका, ही माझी भीक समजा. त्यांनी तुम्हाला शब्द दिला आणि इतकी वर्षं पाळला. तुमच्या वडिलांना सांगून जसोंडीची सगळी इंजिनं तुम्ही त्यांच्याकडेच पाठवत राहिलात, हेही मला आजच कळलं. त्यावरच त्यांचं घर चाललं.

मी जमिनीकडे पाहत होतो. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "हर ईद पे मिठाई भेजती थीं, और कहलवाती थीं, आएँगे. आपने बहुत देर कर दी. वो सुनकर जातीं तो अच्छा होता."

वहिनी, रागावू का थोडा तुमच्यावर? मला हाताला धरून का नाही नेलंत? एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवलात? पाटीवर माझं अक्षर चुकलं तर पुसून परत काढायला लावायचात. इथं मात्र वाट पाहत बसलात. मी येईन म्हणून तुम्ही मिस्त्रींकडून वर्षंच्या वर्षं मागून घेतलीत, आणि मी आलो तेव्हा तुम्ही नाही.

उद्या बाजाराचा दिवस आहे, दापोऱ्याची सगळी माणसं आलेली असतील. मिस्त्री म्हणाले, रहने दो अब. पण मी राहू देणार नाही. आधी सुभद्राच्या सासऱ्यांसमोर उभा राहीन आणि तिच्यापर्यंत पोचायला उशीर कुणामुळे झाला ते माझ्या तोंडानं सांगेन. मग चार लोकांत मिस्त्रींचं नाव घेऊन तेच सांगेन. लोक जे बोलतील ते ऐकून घेईन, मधे एक शब्द बोलणार नाही. तिची मुलगी आता शाळेत जाण्याएवढी झाली असेल. ती मोठी होऊन विचारायला आली, तर तिलाही खरंच सांगेन. वहिनी, हे 'जाईन' मागच्यासारखं नाही. आज दादांनाही सगळं सांगितलंय, आणि ते उद्या माझ्याबरोबर येणार आहेत.

तुमचा भाऊजी,
वसंत