मोरीत गेलेल्या गोळ्या

आई, काल तुझ्यासारखीच एक बाई भेटली. लेकाच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. पोर अचानक गप्प झालं, जेवेना, झोपेना, तर घरच्यांनी काय करायचं, हे सांगायला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या जीव तोडून बोलत होत्या आणि माझ्या मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "दोन कानाखाली द्यायच्या की! कसलं डिप्रेशन न् कसलं काय. खाऊन माजल्यात कार्टी." आजूबाजूच्या बायका हसल्या. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझी वाक्यं काही मेली नाहीत.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तुझ्या खानावळीत परगावची कॉलेजची पोरं जेवायला यायची. ती तुला अन्नपूर्णा म्हणायची आणि तुला ते खरं वाटायचं. एखाद्यानं भाकरी कमी खाल्ली की तू लगेच, "का रं, बरं न्हाय व्हय?" अकरावीत मी रोज ताटावर नुसती बसून उठत होते. कॉलेजला निघाले की जिन्यातच खाली बसायचे. तुला दिसत नव्हतं असं नाही. पण मी पैसे देऊन जेवत नव्हते ना!

एका सकाळी मी धीर करून म्हणाले, "आई, मला जगावंसंच वाटंना झालंय." तू आमटीला फोडणी देत होतीस. मागं वळूनही न बघता म्हणालीस, "मग कांदा चिर. काम नसलं की असलं सुचतंय." दुपारी पंगतीत तू हे त्या पोरांना रंगवून सांगितलंस. ती हसली. मी त्यांना वाढत होते.

पुढं मी अंथरुणातून उठेनाशी झाले, तेव्हा हवापालट म्हणून तू मला आजऱ्याला मामीकडं धाडलंस. खरं म्हणजे खानावळीत तोंड पाडून बसलेली पोरगी तुला नको होती. मामी पहिल्याच दिवशी माझ्याजवळ बसली. "झोप लागत न्हाय न्हवं तुला? जिवाचं काय बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतंय काय?" कुणीतरी सरळ विचारलं, म्हणून मी हो म्हणाले. ती मला एसटीनं गडहिंग्लजला डॉक्टरांकडं घेऊन गेली. ते बोलायचे, ऐकायचे, गोळ्या द्यायचे. हळूहळू मला झोप लागू लागली. मी मामीकडं दुसऱ्यांदा भात मागितला, त्या दिवशी ती उगाच पदरानं डोळे पुसत बसली.

आणि मग तू आलीस. गोळ्या बघून पेटलीस. "येड्यांच्या डॉक्टरकडं नेलीस माझ्या पोरीला? आता हिला कोण करून घेणार?" पाकीट फोडून तू एकेक गोळी मोरीत टाकलीस आणि वर तांब्याभर पाणी ओतलंस. एरवी कधी आवाज न चढवणारी मामी दारात उभी राहिली. "वन्सं, तुमची अब्रू तुम्ही कोल्हापूरला घिऊन जावा. पोरगी हितंच ऱ्हाईल." तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या आणल्या. बारावी मी आजऱ्यातच केली. तू मात्र पेठेत सांगत राहिलीस, वहिनीला मदतीला पोरगी ठेवलीया.

काल मी उठून उभी राहिले. कांदा, पंगत, मोरी, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. बाहेर पडताना मागची ती बाई फाटकाशी थांबली होती. "माझी पोरगी खोलीचं दारच उघडत न्हाय हो," म्हणाली. मी तिला परत त्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तिची कीव मला आली नाही, तिच्या पोरीची आली.

हे तुला पाठवायचं नाही. जिवंत असतीस तरी पाठवलं नसतं. एवढंच सांगते, की काल मी सगळं खरं सांगितलं, पण 'माझ्या ओळखीची एक मुलगी होती' असं म्हणून. 'माझी आई' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते दोन शब्द काही बाहेर पडले नाहीत.