मांजरीच्या गालातला नमुना

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज, कंबर धरली आहे.) गुडघा कसा आहे? आणि जिना चढताना लागणारी धाप अजून ‘वयाची’च आहे का?

तू दिलेल्या मांजरीने माझा छळ मांडला आहे. तिच्या छातीत डॉक्टरांना नको तो आवाज ऐकू आला आणि तपासणीत हृदयाची भिंत जाड निघाली. (‘भिंत नव्हे, स्नायू’ ही माझी दुरुस्ती त्यांनी कानाआड केली.) हा दोष बरेचदा आईबापांकडून उतरतो, म्हणून त्यावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेला तिच्या गालातला नमुना हवा होता. कापसाची काडी गालात आतून फिरवायची आणि पाकिटात घालून धाडायची, एवढंच. पण आमच्या हिने काडी झारा धरावा तशी धरली. मग योग्य कोन दाखवायला मी ती स्वतःच्या गालात फिरवली, अगदी सूचनांबरहुकूम, आणि त्याच शिस्तीत पाकिटात घालून पाकीट चिकटवलंही.

काही दिवसांनी तिथल्या संशोधक बाईंचा फोन, “काका, हा नमुना मांजराचा नाही.” मी त्यांना जनुक म्हणजे काय इथपासून समजावलं. (हा विषय मी शिकवणी न लावता वाचला आहे.) यंत्र नीट पुसता का, तेही विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “माणसाचा आहे, काका. पुरुषाचा.” मागून ही ओरडली, “अहो, त्यांना सांगा, तोच बोलतोय म्हणावं!”

दुसऱ्या खेपेला मांजरीने काडी तोडली, वर माझं बोटही फोडलं. शेवटी डॉक्टरांनी तिचं रक्त काढलं. दोष निघालाच. आता रोज गोळी. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने देतो, ती थुंकते. ही नुसतं “ये गं बाई” म्हणते आणि ती गिळते. (यावर मात्र कोणी संशोधन करत नाही!)

दाजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ
(माणूस असल्याची प्रयोगशाळेत खात्री झालेला)

ता. क. तुझ्याकडचा बोका या मांजरीचा सख्खा भाऊ, तेव्हा त्यालाही धोका आहे. सोबत काडी पाठवतोय. प्रात्यक्षिक कुणालाही दाखवू नकोस.

पुन्हा ता. क. आईही जिन्यात थांबायची आणि ‘वय झालं’ म्हणायची. ती गेली तेव्हा आजच्या तुझ्याहून लहान होती. मी माझं हृदय तपासून घेतलं, ठीक आहे. तुझं राहिलंय. बोका धरवत नसेल तर मी येतो. आणि तू कुणाला धरवत नसलीस, तरी मीच येतो.