तामारची फ्लॉपी

अष्टमी, रोहा
१० मार्च १९९७

प्रिय तामार,

सलाम. तुझं पत्र पोचलं. इथे सगळे बरे आहेत. अब्बांचं कुवेतहून पत्र आलं, धाकट्या फैजलची परीक्षा संपली. अम्मी रोज विचारते, "पेणची ती पोर परत कधी येणार गो?"

अम्मीला तू आवडतेस, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं. "कंप्युटरवर तुम्ही करता तरी काय?" असं तिनं विचारल्यावर तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "खाला, मशीनमध्ये एक मुकादम असतो. कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर, ते तो ठरवतो. त्याला कर्नेल म्हणतात. आम्ही त्याला नवे नियम शिकवतो." अम्मीला लगेच कळलं. मला तीन वर्षांत तिला एवढं सांगता आलं नव्हतं.

लॅबमध्येही तेच. सरांनी दोघींना एकच छोटा कर्नेल दिला: लहान कामं आधी उरकतील असा बदल करा, नव्यानं बांधा, चालवून दाखवा. माझा बांधून व्हायचा, पण मशीन सुरू होतानाच अडकायचं. बावीस वेळा. तुझा चौथ्या खेपेला चालला. आनंदानं तू माझाच हात धरलास. तो सोडवून घ्यावासा वाटला होता.

आता खरं लिहिते. तू लिहितेस, "घाईत मीच चुकीची फ्लॉपी फॉरमॅट केली असणार. एवढं साधं जिला सांभाळता येत नाही, तिनं मुंबईच्या त्या संस्थेतली एकुलती जागा सरांनी देऊ केली तरी तिथे जाऊन काय करायचं? सरांना नाही म्हणून कळवणार आहे."

तू चुकली नव्हतीस, तामार. शनिवारी लॅबचं मशीन साफ होणार म्हणून तू सगळं काम त्या फ्लॉपीवर घेतलंस, ती माझ्याकडे दिलीस आणि डबा खायला गेलीस. फॉरमॅट मी केली. मशीननं विचारलं, नक्की ना? मी 'हो'ची कळ दाबली. मग फ्लॉपी तुझ्या पिशवीत परत ठेवली, तुझ्या शेजारी येऊन बसले आणि तुझ्या डब्यातलं लोणचं खाल्लं.

सोमवारी सरांसमोर फ्लॉपी रिकामी निघाली तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आठ दिवसांत तू सगळं आठवून पुन्हा लिहिलंस, तेही आधीपेक्षा नेटकं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये रडले. पश्चात्ताप नव्हता तो.

शुक्रवारी सरांनी बोलावलं. म्हणाले, "तामार नाही म्हणाली तर तुझं नाव पाठवतो." मी "बरं सर" म्हणाले. घरी आले तर तुझं पत्र येऊन पडलेलं. दोन दिवस ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी नुसती गप्प राहिले असते तरी मुंबईची जागा माझी होती.

सरांनाही सगळं लिहिलंय. दोन्ही पाकिटं घेऊन आत्ताच पोस्टात निघालेय. दुपारपर्यंत थांबले तर फाडून टाकीन, मी मला ओळखते.

तू मुंबईला जा. तुझं भलं होवो, हे अजून मनापासून लिहवत नाही. लिहवेल तेव्हा माफी मागायला पेणला येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

'तुझी' लिहायचा हक्क नाही, म्हणून नुसतीच

शाझिया