चौसष्टाव्या पानावरची आजी

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोचले. खोली बरी आहे — लॉजचा वरचा मजला, पलंग, टेबल, टेबलासमोरच खिडकी. खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. तळ्याचा पलीकडचा काठ सरळ समोर दिसतो!

काम तसं साधं. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघते आहे. या गावाच्या वाट्याला सहा पानं, अकरा ठिकाणं — कुठे खावं, कुठे फिरावं. पुन्हा जायचं, चव घ्यायची, वेळा तपासायच्या. नवा संपादक सगळ्याला टोचून बघतो, म्हणून मी मनात त्याला टाचणी म्हणते. या टाचणीने यंदा छापील फॉर्म दिलेत. एका ठिकाणाला एक. सुरू झाल्याचं साल, मजकुरात बदल हो की नाही, मालकाची सही, फोटो.

दहा भरतील. अकरावा कसा भरू?

इथे तरी खरं लिहावं. चौसष्टावं पान मी मनाने रचलं आहे. त्या पानावर आधी एक खरी खाणावळ होती. छपाईच्या दिवशी दुपारी कळलं की ती बंद पडली. संध्याकाळी पानं मशीनवर चढणार, आणि मध्ये तीस ओळींचं भगदाड! मी आयुष्यात मजकूर उशिरा दिलेला नाही. तोही उशिरा दिला नाही. चहा निवायच्या आत पलीकडच्या काठावर खाणावळ बांधून टाकली. पाटी नाही, निळं दार, पाण्यापासून वर बारा पायऱ्या. एकच पदार्थ — मिरी घातलेला माशाचा रस्सा, सोबत पाव. वाढणारी एक आजी. निघताना ती हातावर लिंबू ठेवते. आणि तिला ऐकू येत नाही. किती ताटं ते बोटांनी सांगायचं.

ऐकू का येत नाही? कारण ऐकू आलं असतं तर तिला बोलायला लावावं लागलं असतं. तिकडची माणसं कशी बोलतात मला ठाऊक नव्हतं, आणि घड्याळात पाच वाजले होते. बहिरी केली, काम झालं.

तेव्हा पलीकडे नाव क्वचितच जायची. कोण तपासणार होतं!

उपाय ठरवून आले आहे. अकराव्या फॉर्मवर 'बंद' लिहायचं. मेलेल्याची सही कोण मागतं?

संध्याकाळी टाचणीचा फोन. "मॅडम, चौसष्ट मुखपृष्ठावर घेतोय. आजीचा फोटो झकास आला पाहिजे."

"आणि बंद पडलं असेल तर?"

"बंद कसं? गेल्याच महिन्यात एका वाचकाचं पत्र आलं. आजीने दिलेलं लिंबू अजून फ्रीजमध्ये जपून ठेवलंय म्हणे."

वाचक काहीही लिहितात. न गेलेल्या ठिकाणाचंही कौतुक करतात. — मीच नाही का केलं?

पण आता 'बंद' लिहिलं तर टाचणी स्वतः येईल बघायला. आणि एक पान खोटं निघालं की बाकीची सगळी खोटी. तीस वर्षांचं नाव पुसायला तीस ओळी पुरे!

५ फेब्रुवारी, बुधवार

कामाला लागले.

बस स्टँडमागची बेकरी — पाव साडेसहाला निघतात, सातला संपतात. पुस्तकात 'आठपर्यंत मिळतात' आहे. बदल: हो. पोस्टासमोरचं ऑम्लेट अजून तसंच, कडेला कुरकुरीत, आत लुसलुशीत. धरणाच्या भिंतीवरून फेरी: पाऊण तास, सावली अजिबात नाही, टोपी हवीच. लव्हाळ्यातलं पक्षी बघायचं मचाण: तिसरी फळी कुजली आहे. बेकरीवाला सही करताना म्हणाला, "आमचं छापलंत ते बरं झालं, पण तेव्हा पाव मोठा होता, तेवढं लिहू नका." हसले. हसू लगेच विरलं.

जेवताना लॉजवाली जवळ येऊन बसली. "ताई, पलीकडे गेला नाहीत अजून? लोक बॅग टाकतात आणि आधी आजीकडे पळतात."

"कोण आजी?"

"अहो, पुस्तकवाल्या ना तुम्ही? आणि आम्हाला विचारता?"

ती हसत सुटली. मी पाणी प्यायले. दोन ग्लास.

दुपारी पाण्याच्या जुन्या टाकीवर चढले. एकशे अठरा पायऱ्या. वरून अख्खं तळं दिसतं. पलीकडच्या काठावर एक निळा ठिपका होता.

दार? छे. उलटी टाकलेली होडी असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

झोप नाही. नसलेल्या घराला दार कुठून येईल?

६ फेब्रुवारी, दुपार

आहे! सगळं आहे!

नीट लिहिते. नाववाला मला बघताच म्हणाला, "रेडिओकडे ना? बसा."

"कोण रेडिओ?"

"आजी हो! आम्ही पहिल्यापासून रेडिओच म्हणतो."

बहिऱ्या बाईला रेडिओ! टकल्याला झिपऱ्या म्हणावं तशी थट्टा असणार. माणसं तरी काय एकेक!

वीस मिनिटं पाणी कापत गेलो. उतरले, आणि पायऱ्या मोजत चढले. बारा. अकरा दगडी, झिजलेल्या. बारावी सिमेंटची. दार निळं, पण कडीपाशी रंग खरवडलाय आणि आतून हिरवा डोकावतोय. अंगणात लिंबाचं झाड — फार तर आठ वर्षांचं. पुस्तकाहून लहान!

आणि आजी. बारीक, ताठ, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी एक बोट वर केलं. तिने मान डोलावली आणि ताट आणलं. आपण लिहिलेलं माणूस समोर येऊन पाव वाढतं म्हणजे काय!

रस्सा चांगला होता. मी लिहिला त्याहून चांगला. मी नुसती मिरी लिहिली होती, इथे आलंही ठेचून घातलं होतं. खोटं कशाला बोलू, जरा राग आला.

मग आजीची सून बाहेर आली. पंचेचाळिशीची, कोपरापर्यंत हात ओले. मी म्हटलं, पुस्तकाच्या ऑफिसातून आलेय, तपासायला. नाव सांगितलं नाही. तिने पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"काही तक्रार आली का, बाई?"

"नाही, नाही. नुसता फॉर्म भरायचाय. खाणावळ सुरू कधी झाली?"

"फार जुनी. सासूबाईंच्या सासूबाईंपासून."

"साल?"

"पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात साल नाही."

"मग — जुनी एवढंच लिहा की."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे दोघी चोर होत्या आणि भर दुपार.

ताट ठेवायला आत गेले तर स्वयंपाकघराच्या दारामागे माझं पान! चिकटपट्टीने लावलेलं, वाफेने पिवळं पडलेलं. ओळी लाल पेनने अधोरेखित, कडेला बरोबरच्या खुणा. मास्तरांनी गृहपाठ तपासावा तशा.

निघताना आजीने हातावर लिंबू ठेवलं. सही न घेताच आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टाचणीला फोन केला. "जागा आहे," म्हटलं. नऊ वर्षांत चौसष्टाव्या पानाबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

सुटका झाली म्हणावं, तर तसंही नाही. त्यांना माहीत आहे की ते पान खोटं होतं. जगात आजवर हे फक्त मला ठाऊक होतं, आता त्यांनाही. उद्या कुणी त्यांना विचारलं तर? आणि मी सही घेतली तर माझं खोटं त्यांच्या माथी मारल्यासारखं नाही का?

दुपारी पुन्हा गेले. सून सामान आणायला अलीकडच्या काठावर गेली होती. आजी एकटी लिंबाखाली लसूण सोलत बसलेली. मी शेजारी बसले. चार पाकळ्या मीही घेतल्या.

आणि सुटलेच! आजवर एका माणसाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आणि आता तर तोही नाही. सगळं सांगितलं — बंद पडलेली खाणावळ, भगदाड, निवणारा चहा. लिंबू कुठून सुचलं तेही — टेबलावर होतं, बस! "मला तुमच्याकडची बोली येत नव्हती," म्हटलं, "म्हणून पानावरच्या आजीला बहिरी करून टाकली. आळस हो, दुसरं काय!" आजीचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू. पाकळी किडकी निघाली असेल.

आत रस्सा उतू गेला तशी ती चटकन उठून गेली. पाठ होती तिकडे, पण वासाने कळलं असणार. मला काही वास आला नव्हता. म्हातारपणी एक गेलं की दुसरं तिखट होतं म्हणतात.

बाहेर पडले ती पिसासारखी हलकी होऊन. बहिऱ्या माणसाइतकं चांगलं ऐकणारं कुणी नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गर्दी होती. शेजारच्या बाकावर एक जोडपं, हातात पुस्तक. बाई नवऱ्याला म्हणत होती, "काही ऐकू येत नाही म्हणून बघ चेहरा किती शांत आहे. तुलाही ऐकू येत नसतं तर बरं झालं असतं." तो म्हणाला, "मला कुठे येतं? तू बोलतेस तेव्हा बंदच असतं." आजी पाव वाढत उभी. तोंड घट्ट मिटलेलं. मी फोटो काढला. मुखपृष्ठाला शोभेल.

गर्दी ओसरल्यावर सून खालच्या पायरीवर भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "बसा. तुम्हीच लिहिलंत ना ते?"

"कुणी सांगितलं?"

"कळलं."

लॉजवाली! दुसरं कोण.

मग ती पातेल्याकडे बघतच बोलत गेली. इथे काही नव्हतं. काठावरचं शेवटचं घर, बस्स. नवरा गेल्यावर तेही विकायचं चाललं होतं. त्या उन्हाळ्यात पाच माणसं आली, हातात पुस्तक, भुकेने कावलेली. "खाणावळ कुठेय म्हणून माझ्यावरच ओरडायला लागली. मी घरातला रस्सा वाढला. पुढच्या आठवड्यात नऊ आली. मग म्हटलं, लोक एवढं विश्वासाने येतात तर... दार रंगवलं. पायऱ्या अकराच होत्या. एक बाई मोजून म्हणाली, एक कमी आहे! तीही घातली. लिंबू पहिली दोन वर्षं बाजारातून आणायचो."

"आणि आजी?" मी विचारलं.

तिने वर बघितलं, दाराकडे. "त्या होत्याच."

म्हणजे माझ्या सगळ्या थापेत तेवढी एक गोष्ट आपसूक खरी निघाली! योगायोग तरी केवढा.

पातेलं पालथं घालून तिने माझा हात धरला. ओलाच. "बाई, एक मागते. त्या पानावरचा एक शब्द हलवू नका. लोक मोजून येतात हो. एक गोष्ट चुकली की चेहरा पडतो त्यांचा. या घराचं दार त्या पानावर उघडं आहे."

मी शब्द दिला. फॉर्म तिथेच गुडघ्यावर भरला. सुरू झाल्याचं साल: जुनं. मजकुरात बदल: नाही. तिने सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. खाली माझी.

खोलीवर आल्याबरोबर पाकीट चिकटवलं. अकरा फॉर्म. उद्याच्या बसने परत. पाच दिवसांत पहिल्यांदाच आज निवांत झोपेन.

९ फेब्रुवारी, रविवार

बस साडेअकराची, म्हणून सकाळी नुसता निरोप घ्यायला पलीकडे गेले. सून नव्हती. नाव परत सुटणार तोच आजी बारा पायऱ्या उतरून आली, एकेक करत, भिंतीला धरून. लिंबू माझ्या हातावर ठेवलं, माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली, आणि वाकली. नाववाला तळ्याकडे तोंड करून बसला.

"सुनेला सांगू नका मी बोलले म्हणून," ती म्हणाली. "पण आठ वर्षं झाली हो, बाई. नव्या आवृत्तीत मला ऐकू येऊ द्या."