सिनेमातला मिस्त्री

गेवराई,
रविवार, ११ जानेवारी २०२६

दोस्त बजरंग,

सलाम. वनमालावहिनींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही तिकडे ठीक असाल असं धरून चालतो, कारण तुमची खबर देणारं इथे आता कोणी उरलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. आठ दिवस वाट पाहिली आणि शेवटी अलिनाच्या वहीतले कागद मागून घेतले. बापाला कोणाला पत्र लिहायचंय म्हणून ती हसत होती. तुझं नाव सांगितल्यावर तिने चार कोरी पानं जास्तीची फाडून दिली.

थंडी यंदा बरी पडलीय. सुरैयाचा गुडघा कुरकुर करतो, पण तोंड शाबूत आहे. गॅरेजचं दुकान चालू आहे. तू धर्मापुरीला देवळाकडच्या रस्त्यावर रसवंतीवर बसतोस असं ऐकलं. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस आणि उसाच्या चरकावर! आलं-लिंबू हात आखडून टाकू नकोस, गिऱ्हाईक टिकतं. चेष्टा करतोय, राग मानू नकोस.

लिहायचं कारण म्हणजे शुक्रवारी मी एक सिनेमा पाहिला. अलिना संभाजीनगरला सिनेमाचंच काहीतरी शिकते, हे तुला माहीत आहे. सिनेमा पाहायचा आणि त्यावर चार पानं लिहायची, हा तिचा अभ्यास. आपल्या वेळी असला अभ्यास असता तर तू आणि मी तालुक्यात पहिले आलो असतो. जुम्म्याची नमाज करून आलो, जेवलो, जरा आडवा होणार तेवढ्यात तिने लॅपटॉप समोर ठेवला. जुना इंग्रजी सिनेमा, काळा-पांढरा. नाव तिने तीनदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती ती वाचून आम्हाला सांगायची. सुरैया बाजूला मेथी निवडत बसली होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, तुला मराठीत करून लिहितो.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत सरकारने अख्ख्या देशात दारू बंद केली होती म्हणे. मी म्हटलं, "मग सिनेमा कशाचा?" अलिना म्हणाली, "बंद केली म्हणून तर सिनेमा, अब्बू." सुरैया म्हणाली, "बंद केली ते लई बेस केलं. मग परत चालू कावून केली?"

त्यातला मुख्य माणूस ठेंगणा, भुवया जाड. सुरुवातीला दुधाच्या गाडीतून बाटल्या पोचवतो. मग त्याच्या दोन गाड्या होतात, मग वीस. अंमलदार त्याच्या घरी जेवायला येतात. पेपरवाले फोटो काढतात. मोहल्ल्यात कुणाचं लग्न असलं की मंडपाचा खर्च त्याचा, आणि म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. कोणी आडवा आला की आपल्या माणसांकडे नुसतं बघतो, बोलत नाही. तुला कुणाची आठवण झाली ते मला इथे बसून कळतंय. नाव लिहीत नाही. मी अलिनाला म्हटलं, "ह्यात नवं काय हाय? दारूच्या जागी वाळू घाल अन् गोदाकाठी येऊन बस. हिरो रोज दिसतो." ती हसली आणि वहीत लिहून घेतलं.

एक सांगतो, ती माणसं जेवतानासुद्धा डोक्यावरची हॅट काढत नाहीत. सुरैयाला दुसरीच काळजी, एवढे पांढरे शर्ट धुतं कोण.

आता मजा ऐक. त्याच्या गाड्या पोलीस ओळखतात, कारण पिंपं भरली की ट्रक मागून बसतो. लांबून दिसतं की माल भरलाय. तीन गाड्या पकडल्या जातात. मग तो एका गॅरेजात जातो. तिथे एक जाडा मिस्त्री आहे, माझ्याच वयाचा. हिरो त्याच्या कानात काहीतरी सांगतो, मिस्त्री मान हलवतो, फडक्याला हात पुसतो आणि गाडीखाली शिरतो. पुढच्या सीनमध्ये ट्रक गच्च भरलेला, पण मागून एकदम सरळ. पोलीस बघतो आणि जाऊ देतो.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पाटे वाढवले."

अलिनाने सिनेमा थांबवला. "अब्बू, खाली तर काहीच लिहिलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, धंद्यात कळतं. सुरैयाने विचारलं म्हणून तिला समजावून सांगितलं की मागच्या चाकांवर लोखंडी कमानपाटे एकावर एक रचलेले असतात, त्यात आणखी दोन-तीन घातले की दुप्पट ओझं टाकलं तरी गाडी दबत नाही आणि बघणाऱ्याला ती अर्धी भरल्यासारखी वाटते. ती "अच्छा" म्हणाली आणि परत मेथीकडे वळली.

शेवटी हिरो बर्फाच्या कारखान्यात मरतो. त्याचा उजवा हात, ड्रायव्हर, दोन गल्लीतली पोरं, सगळे मरतात नाहीतर आत जातात. मी अलिनाला विचारलं, मिस्त्रीचं काय झालं? ती म्हणाली, "कोणता मिस्त्री?" मी तिला सिनेमा मागे घ्यायला लावला. हिरोचं मरण एकदाच पाहिलं, तो मिस्त्री तीनदा पाहिला. दीड मिनिटाचं काम आहे त्याचं. हात पुसतो, गाडीखाली जातो, संपलं. पुढे तो कुठेच येत नाही.

तेव्हापासून जेवण नीट जात नाही, एवढं खरं.

ताराबाईच्या केसमध्ये मलाही समन्स आलंय. दोन फेब्रुवारी. तलवाड्याच्या फाट्यावर ती तुझ्या टिप्परखाली गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि केस आता उभी राहतेय. तू आरोपी, मी साक्षीदार. ब्रेक बरोबर होते का, एवढंच मला विचारतील. ब्रेक बरोबर होते, मीच आदल्या आठवड्यात केले होते. त्यापुढचंही लिहिणार होतो, पण दुकानात गाडी येऊन उभी राहिलीय.

तब्येतीला जप.

तुझा
मुस्तकीम


गेवराई,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

बजरंग,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "सिनेमा समजला. त्या दिवशी दुकानात मी तुला काय विचारलं होतं ते आठवतं का?"

आठवतं.

तू जामिनावर सुटून आलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी आलतास. मी गाडीखाली होतो. तू खाली वाकून विचारलंस, "मुस्तकीम, पाटे कुठं गेले रे?" आणि मी झोपल्या झोपल्या म्हणालो, "कोणते पाटे?" माठातलं पाणी प्यालास, ग्लास पालथा ठेवलास आणि गेलास. जाताना मला गाडीखालून तुझ्या चपला तेवढ्या दिसल्या. मागच्या पत्रात मी सिनेमाच्या गप्पा मारत बसलो, कारण इथपर्यंत यायची हिंमत होत नव्हती.

आता सरळ लिहितो.

तुझ्या टिप्परला मागे तीन-तीन पाटे मी चढवले. तुझे मालक तानाजीराव, ज्यांचं नाव मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, त्यांनी सांगितलं आणि मी चढवले. त्यांच्या अकराही गाड्यांना चढवले, तुझी सातवी. दोन ब्रासच्या गाडीत चार ब्रास वाळू जायची आणि मागून बघणाऱ्याला कळायचं नाही. पाटे वाढवून ओझं लपतं, ब्रेक वाढत नाहीत, हे मला काय शिकवायला लागतं? आठवड्यानंतर तूच येऊन म्हणालास, "गाडी पहिल्यासारखी थांबत न्हाई बे." मी म्हणालो, "नवं हाय म्हणून. सवय हुईल." हे वाक्य मी रोज ऐकतो. दुसरं कोणी म्हणत नाही, माझं मलाच ऐकू येतं.

ब्रेक बरोबर होते, हे मी पोलिसांना खरंच सांगितलं. दोन ब्रासला बरोबर होते.

आता राहिलेलं. अपघात सकाळी सातला झाला, तुला घेऊन गेले, वाळू दहाच्या आत दुसऱ्या गाडीत भरून गेली. गाडी पंपामागच्या मोकळ्या जागेत ओढून ठेवली होती, तपासणीचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी तानाजीराव स्वतः दुकानात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, बजरंगच्या गाडीचे वरचे पाटे काढून घ्या. आत्ताच. अन् कावून म्हणून इचारू नका." मी विचारलं नाही. मग जाता जाता म्हणाले, "दुकान चांगलं चाललंय तुमचं. जागा लकी हाय." जागा त्यांची आहे, तुला माहीतच आहे. 

मी गेलो. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. मिस्त्री गाडीखाली शिरला तर कोण विचारतं? जॅक लावला, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले, सहाही पाटे काढले, बाकीचे परत आवळले. पाटे कमी झाल्यावर बोल्टचे आटे दोन बोटं बाहेर आले. नवेकोरे, चकाकणारे. तेवढ्यावरून कुणाही जाणत्याने ओळखलं असतं. म्हणून त्यांच्यावर ग्रीस फासलं आणि ग्रीसवर रस्त्याची माती. चाकाच्या आतल्या बाजूला ताराबाईची ओढणी की पदर, काहीतरी निळं अडकलेलं होतं. ते मी हाताने काढलं. बजरंग, हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

तू जबाबात म्हणालास गाडी चार ब्रास भरलेली होती, पाटे वाढवलेले होते. साहेबांनी बघितलं तर गाडी रिकामी आणि पाटे कंपनीचे. तू खोटा ठरलास. गावात म्हणाले, पिऊन चालवत असेल. तू सुपारीसुद्धा खात नाहीस, आणि मी ते ऐकून घेतलं. 

परवा जेवताना घरात पाट्यांचं सगळं सांगून टाकलं. सुरैयाने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी बजरंगभाऊ खरं बोलत हुते." मी हो म्हणालो. "अन् तुमी दीड वर्ष हितं माझ्यासमोर बसून जेवत हुते?" मी म्हटलं, दुकान जाईल. ती म्हणाली, "जाऊ द्या. तुमच्या हातात काम हाय, झाडाखाली बसून करा." अलिना रडली. "बजरंगचाचा मला शाळेत सोडायचे," एवढंच म्हणत होती. तिची चार पानं तशीच पडलीत.

ताराबाई तुझ्या हातून मेली असं तू समजतोस, हे मला ठाऊक आहे. वनमालावहिनी सुरैयाला म्हणाल्या होत्या की तू झोपेत पाय झाडतोस, ब्रेक दाबल्यासारखा. तू ब्रेक दाबला होतास. पूर्ण दाबला होतास. मी ब्रेकची लायनिंग पाहिली आहे, जळून काळी झाली होती. तू जे करायचं ते केलंस, गाडी थांबणारच नव्हती. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू निदान झोपला असतास.

माफी मागत नाही. मागितली तर तू मोठ्या मनाचा आहेस, देशील, आणि मग मला पुन्हा बरं वाटेल.

एक गोष्ट मात्र समजून घे. काल तानाजीरावांचा निरोप आला, "दोन तारखेला आपल्याच गाडीतून कोर्टात जाऊ, मिस्त्री." आणि मी हो म्हणालो. एवढं सगळं ठरवून, घरात सांगून, तरी तोंडातून हो निघून गेलं. मला माझा भरवसा वाटत नाही रे. त्या गाडीत मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसून मी कोर्टात पोचेपर्यंत कोण झालेला असेन, मला आज सांगता येत नाही. म्हणून फोन करत नाही, भेटायलाही येत नाही. बोललेलं मी फिरवू शकतो.

हे पत्र फाडू नकोस. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी तुझ्या वकिलाच्या हातात दे. मी उभा राहून हेच बोललो तर ठीक. पण तिथे मी पुन्हा "कोणते पाटे" म्हणालो, तर त्यांनी हा कागद माझ्या तोंडासमोर धरावा आणि खालची सही कुणाची ते मला विचारावं. लाज धरू नकोस, दोस्ती मध्ये आणू नकोस. मी आणली नव्हती.

दर बाजूला तीन, असे सहा पाटे मी चढवले. ताराबाई गेली त्याच दुपारी मीच ते काढले. ते माझ्या दुकानातल्या खड्ड्यात फळ्यांखाली आहेत. हे मी शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो.

शेख मुस्तकीम शेख उस्मान
वय ५३, धंदा मिस्त्री, राहणार गेवराई